रेन कव्हर घातलं होतं, तरी लेन्स भिजली

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते. नोकरी सांभाळून फोटोग्राफी करते. पावसाळ्यात पहिने, हरिहर, इगतपुरीकडचे घाट आणि थंडीत नांदूरमध्यमेश्वर, असं माझं फिरणं. गेल्या श्रावणात पहिनेच्या बाजूला दिवसभर पावसात होते. कॅमेरा बॅगेवर रेन कव्हर होतं. घरी येऊन बघते तर बॅगेच्या तळाशी पाणी साठलेलं, किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती) आणि चार्जर ओले. कॅमेऱ्याची बॉडी वाचली, पण ती लेन्स उजेडाकडे धरली की आत आता बारीक जाळी दिसते. यंदा खरोखरची वॉटरप्रूफ बॅग घ्यायची आहे. बजेट आठ हजार. दुकानदार एक बॅग दाखवून ‘ही शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणतो. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, पेलिकनची ती कडक प्लास्टिकची पेटी घे. सासूबाई निफाडच्या. त्या म्हणतात, जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळ आणि जा, कशाला पैसे घालवतेस. माझ्याकडे मिररलेस बॉडी, ती किट लेन्स आणि 150-600 ची झूम, म्हणजे लांबचं टिपणारी मोठी लेन्स आहे. काय घेऊ?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर :

सासूबाईंचं ऐका. त्यांचं मन राखायला सांगत नाही. तुम्हाला जे तीन सल्ले मिळालेत त्यात पावसाची खरी जाण असलेला तोच एक आहे. त्या पिशवीबाहेर सॅक कशी हवी आणि पिशवीच्या आत काय होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यात भरायचं राहिलंय. बाहेरून वॉटरप्रूफ असलेली बॅग शोधत बसू नका. पाठीला बरी बसणारी साधी सॅक घ्या आणि ती आतून वॉटरप्रूफ करा.

आधी तुमच्या बॅगेचं काय झालं ते बघू, कारण ते अगदी ठरल्यासारखं घडतं. रेन कव्हर बॅगेच्या तीन बाजू झाकतं. चौथी बाजू, म्हणजे तुमच्या पाठीला टेकणारी, उघडीच असते, कारण पट्टे तिथून बाहेर काढायचे असतात. पाऊस डोक्यावरून मानेवर, मानेवरून खांद्यांवर येतो आणि पाठ आणि बॅग यांच्यामधल्या फटीतून खाली उतरतो. पाठीचा मऊ स्पंज तो पिऊन घेतो. उरलेलं पाणी खाली जाऊन कव्हरच्याच तळात साठतं, कारण बाहेरचं पाणी अडवणारं कापड आतलं पाणीही अडवतं. म्हणजे दुपारपर्यंत तुमची बॅग कव्हरमधल्या डबक्यात बसलेली होती, आणि तळाला होते किट लेन्स आणि चार्जर. रेन कव्हर म्हणजे बॅगेचं इरलं. भातलावणीला वाकलेल्या माणसाची पाठ इरल्याखाली कोरडी राहते, पण पायाशी खाचरात पाणी असतंच आणि ते अडवणं हे इरल्याचं कामही नाही.

तुमचं कव्हर हातात घेऊन तळाशी छोटं भोक किंवा धातूची कडी आहे का बघा. चांगल्या कव्हरला पाणी निघून जायला ती ठेवलेली असते. नसेल तर एक कडी बसवून घ्या, चप्पल-बॅगा दुरुस्त करणारा कारागीर दोन मिनिटांत करून देईल. कव्हर फेकू नका. चिखल आणि झाडाझुडपांचे ओरखडे यांच्यासाठी ते उत्तम आहे. फक्त त्याच्या जिवावर कॅमेरा सोडू नका.

आता दुकानातली ती ‘शंभर टक्के’ बॅग. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही, तो कापडाबद्दल बोलतोय. नायलॉन किंवा पॉलिस्टरला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि लेबलवर 1500, 3000, 5000 मिलिमीटर असे आकडे असतात. त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. पण बॅग नुसत्या कापडाची नसते. ती शिवलेली असते, आणि शिवणीत दर दोन-तीन मिलिमीटरला सुईचं भोक असतं. शिवाय चेन असते. साध्या चेनच्या दातांमधून पाणी सहज आत जातं. वरून गुळगुळीत लेप दिलेली चेन बरीच तग धरते, पण तासन्‌तास कोसळणाऱ्या पावसात तिची टोकं, म्हणजे जिथे रनर थांबतो ती जागा, दगा देतेच.

म्हणून दुकानात एकच गोष्ट करा. बॅग उलटी करून आतली शिवण बघा. शिवणीवर पारदर्शक किंवा राखाडी पट्टी चिकटवलेली दिसली तर बनवणाऱ्याने पाण्याचा विचार केलाय. शिवणच नसेल, कापडाचे तुकडे उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडलेले असतील, तर ती खरी पाणी रोखणारी बॅग. उघडा धागा दिसला, तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ती सरीपुरती बॅग आहे. ऑफिसला न्यायला छान, पहिनेला न्यायला नाही.

काही बॅगांवर आयपीएक्स4, आयपीएक्स6, आयपीएक्स7 असं छापलेलं दिसेल. त्यासाठी आयईसी 60529 नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, आणि आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या बाबतीत काही सांगितलेलं नाही. 4 म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे, 6 म्हणजे मिनिटाला 100 लिटर पाण्याचा जोरदार फवारा, 7 म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. 7 मिळाला म्हणजे 6 आपोआप मिळाला असं नसतं. या चाचण्या वेगवेगळ्या आहेत, आणि शांत पाण्यात टिकलेली वस्तू फवाऱ्यात टिकेलच असं नाही. तुम्हाला पाऊस आणि वारा सोसायचाय, तळ्यात बुडी मारायची नाही. तेव्हा 6 बघा. आणि चाचणी नव्या कोऱ्या मालाची होते हेही लक्षात असू द्या. आपल्याकडच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप काही वर्षांत चिकट होतो, मग पांढरे पापुद्रे सुटतात. घरात जुनी सॅक असेल तर आत हात फिरवून बघा, हाताला भुकटी लागली तर तिचं वॉटरप्रूफपण संपलेलं आहे.

सहकाऱ्याच्या पेटीबद्दल थोडक्यात. पेलिकनसारखी पेटी म्हणजे या सगळ्यातली सर्वांत भक्कम वस्तू. झाकणाभोवती रबरी कडी, हवेचा दाब सारखा करणारा व्हॉल्व्ह, आणि पाण्यात पडली तरी तरंगते. पण विमानात हातात नेता येते तेवढ्या मापाची पेटी रिकामीच पाच किलोच्या आसपास भरते, शिवाय ती पाठीवर घेता येत नाही. हरिहरच्या कातळातल्या उभ्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत लागतात, तिथे हातात पेटी असणं हा सरळसरळ जिवाशी खेळ आहे. गाडीच्या डिकीत लग्नाच्या ऑर्डरचं सामान न्यायचं असेल तर जरूर घ्या. तुमच्या फिरण्याला तिचा उपयोग नाही.

मग घ्यायचं काय? तीन थर करा.

सर्वांत आत पॅडेड इन्सर्ट, म्हणजे कप्पे असलेला गादीचा खोका. 150-600 ची झूम साधारण 26 सेंटीमीटर लांब आणि दोन किलोच्या मागेपुढे असते. बॉडी जोडून ठेवली की लांबी 35 च्या घरात जाते. ती जोडलेली मावायलाच हवी. पावसात लेन्स काढ-घाल करावी लागणं हाच सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून इन्सर्ट घेताना लेन्स बरोबर न्या आणि दुकानात घालून बघा. त्याआधी तुमची जुनी कॅमेरा बॅग तपासा. कित्येक बॅगांमधला गादीचा भाग वेल्क्रो सोडवला की अख्खा बाहेर निघतो. तुमचा निघाला तर हा खर्च वाचला.

मधला थर म्हणजे ड्राय बॅग : तोंड गुंडाळून बकल लावायची, जोडांना शिवण नसलेली पिशवी. सगळा भरवसा हिच्यावर. इन्सर्ट आत सहज जाऊन वर तोंड तीनदा गुंडाळता येईल एवढी मोठी हवी, तुमच्या सामानाला 30 लिटरच्या आसपास. ही बंद करण्याची पद्धत शिकून घ्या, कारण बहुतेक ड्राय बॅगा गळतात त्या तोंड नीट न गुंडाळल्यामुळे. तोंडाच्या दोन्ही कडा कोरड्या पुसा, वाळूचा कण राहू देऊ नका. पिशवीवर अंग टेकून हवा काढा. कडा सरळ जुळवून घट्ट गुंडाळा, किमान तीन वेढे, मग बकल. सुरकुती राहिली तर ती सुरकुती म्हणजे पाण्याला करून दिलेली पन्हळ. आणि पाण्यात बुडवून ठेवायला ही पिशवी बनलेली नाही. ओढ्यात पडली आणि लगेच उचलली तर सामान वाचेल, खडकात अडकून पाण्याखाली राहिली तर नाही.

पैसे वाचवायचे असतील तर ड्राय बॅगेऐवजी सासूबाईंचं जाड प्लास्टिक चालेल का? चालेल. एकात एक अशा दोन पिशव्या, तोंड पिळून, दुमडून, रबराने बांधायचं. दर ट्रेकला पिशवी उजेडाकडे धरून भोक बघायचं आणि शंका आली की बदलायची. पण ती खताच्या गोणीतली नको. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरी ती हाताशी असते आणि जाडही असते, म्हणून मुद्दाम सांगतोय. युरिया आणि इतर खतांचे बारीक कण प्लास्टिकला चिकटून राहतात, धुतल्यावरही घडीत उरतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि धातू गंजवतात. कॅमेऱ्याच्या माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या जागेच्या कड्या आणि बॅटरीचे पॉइंट यांना हे चालणारं नाही. नवं पॉलिथिन आणा.

सर्वांत बाहेर सॅक, आणि हिला वॉटरप्रूफ असण्याची गरजच उरलेली नाही. हिच्याकडून पाठीची काळजी तेवढी मागा. कमरेचा पट्टा रुंद आणि हाडावर टेकणारा हवा, म्हणजे वजन खांद्यांऐवजी कमरेवर येतं. छातीचा पट्टा हवा. तळ ताडपत्रीसारख्या जाड कापडाचा असेल तर उत्तम, कारण फोटो काढताना आपण सॅक नेमकी ओल्या कातळावर टेकवतो. उघडण्याच्या बाबतीत मात्र माझा आग्रह आहे : पाठीच्या बाजूने पूर्ण उघडणारी सॅक घ्या. समोरून उघडणारी सॅक काही काढायचं तर चिखलात पाठीवर आडवी ठेवावी लागते, आणि तीच ओली पाठ पुन्हा अंगाला लागते. आणखी एक कारण. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थातली मुख्य स्नानं आहेत. तुम्ही नाशिकच्या, तुम्ही रामकुंडावर कॅमेरा घेऊन जाणारच. भर पावसाळा, ओले घाट आणि ती गर्दी. चेन पाठीला चिकटलेली असेल तर मागून कुणी हात घालू शकत नाही.

आठ हजारांत हे सगळं बसतं. निम्म्याहून जास्त पैसे सॅकवर घाला, उरलेल्यात इन्सर्ट आणि ड्राय बॅग होईल. बॅटरी, कार्ड, चार्जर आणि फोन यांना पाच लिटरची छोटी वेगळी ड्राय बॅग करा, म्हणजे बॅटरी काढायला मोठी पिशवी पावसात उघडावी लागणार नाही.

आणलं की लगेच डोंगरावर नेऊ नका. ड्राय बॅग हवा भरून बंद करा, पाण्याच्या टबात दाबून धरा, बुडबुडे कुठून येतात बघा. मग तीत वर्तमानपत्राचे कागद भरून ती सॅकमध्ये ठेवा आणि सॅक पंधरा मिनिटं शॉवरखाली उभी करा. वर्तमानपत्राचा कागद थेंबभर पाण्यानेही डाग दाखवतो. डाग तळाशी आला की तोंडाशी, यावरून चूक कापडाची की गुंडाळण्याची ते कळेल. हे पावती आणि बदलून मिळण्याची मुदत हातात असतानाच करा.

इथवर बाहेरच्या पाण्याचं झालं. तुमच्या लेन्समधल्या जाळीचं कारण मात्र बहुधा नुसतं पावसाचं पाणी नाही, त्यानंतर आत कोंडून राहिलेली दमट हवाही आहे. पाणी बाहेर ठेवणारी पिशवी ओलावा आतही तितक्याच इमानाने ठेवते. दिवसभर पावसात वापरलेला ओलसर कॅमेरा, ओला पट्टा, ओलं फडकं असं सगळं ड्राय बॅगेत कोंबून घरी आणलं आणि थकून रात्रभर तसंच ठेवलं, तर कॅमेऱ्याला साध्या पिशवीपेक्षा जास्त त्रास होतो. तेव्हा पिशवीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी पुसायची. दोन-तीन सुती पंचे बाहेरच्या खिशात ठेवा, ओला झालेला पंचा पुन्हा आत जाऊ देऊ नका. घरी पोचल्यावर आंघोळीआधी बॅग पूर्ण रिकामी करा, इन्सर्ट पंख्याखाली उभा करा, ड्राय बॅग उलटी करून वाळवा.

सिलिका जेलच्या पुड्या पिशवीत जरूर टाका, पण बुटांच्या खोक्यात मिळते ती चिमूटभर पुडी उपयोगाची नाही, ती केव्हाच ओलावा पिऊन बसलेली असते. रंग बदलणारे दाणे आणा. केशरी दाणे ओलावा घेऊन हिरवट होतात, 120 अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा केशरी होतात. निळे दाणे मिळाले तर घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे आणि स्वयंपाकघरात तापवायची वस्तू नाही.

थंडीत याच्या उलट अडचण येते, आणि तुम्ही नांदूरमध्यमेश्वरला जाता म्हणून ती तुम्हाला आज ना उद्या येणारच. निफाड तालुक्यातली थंडी तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. पहाटे चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर दोन-तीन तास काढले की बॉडी आणि त्या झूमच्या काचा गार पडतात. तिथून तुम्ही थेट सासरच्या घरात येता. चूल पेटलेली, चहा उकळतोय, घरात ऊब आणि वाफ. तिथे कॅमेरा बाहेर काढला की गार काचेवर दव धरतं, वरच्या काचेवर तसं आतल्या काचांवरही. वरचं पुसता येतं, आतलं नाही. म्हणून उपाय घरात शिरण्याआधीच करायचा. बाहेर गारठ्यात असतानाच कॅमेरा ड्राय बॅगेत घालून तोंड बंद करा, आणि घरात आल्यावर तास-दोन तास उघडू नका. दव धरायचं ते पिशवीवर धरेल. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या उत्सुकतेने पिशवी उघडली जाणार नाही. पावसाळ्यात एसी लावलेल्या गाडीतून घाटात उतरताना हेच होतं. पोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा, काचा थोड्या खाली घ्या.

कॅमेरा बाहेर असतानाचं थोडं. तुमच्या किट लेन्सला माउंटपाशी रबरी कडी असण्याची शक्यता कमी, तेव्हा बॉडी कितीही सील्ड असली तरी त्या जोडातून पाणी जाऊ शकतं. कॅमेऱ्यावर चढवायची पारदर्शक रेन स्लीव्ह वापरा, लेन्सच्या तोंडावरचा हूड कायम लावलेला ठेवा. धबधब्याजवळ वारा वर चढत असेल तर तुषार खालून येतात, त्याला छत्रीचा उपयोग नाही. पाठ वाऱ्याकडे करून उभं राहा. आणि कॅमेऱ्यात पाणी गेलंच तर लगेच बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, बाहेरून टिपा, पंख्याखाली ठेवा. ‘चालतोय का’ म्हणून चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका, हेअर ड्रायर मारू नका. तांदळात पुरू नका, त्याची पूड माउंटमध्ये जाऊन बसते.

राहिली ती जाळी दिसणारी लेन्स. वर्णनावरून ती बुरशी आहे, आणि ती आपोआप जात नाही. ती काचेवरच्या कोटिंगला खाते. लवकर साफ झाली तर डाग राहत नाही, उशीर झाला तर काच कायमची कोरली जाते. आज ती लेन्स इतर सामानापासून वेगळी काढा आणि या आठवड्यात सर्व्हिसिंगला दाखवा. साफसफाईचा अंदाज आधी विचारा. किट लेन्सच्या बाबतीत कित्येकदा तो खर्च वापरलेली दुसरी लेन्स घेण्याइतका येतो, तसं असेल तर सरळ दुसरी घ्या. मात्र झूम आणि बॉडीही टॉर्चच्या उजेडात नीट तपासून घ्या, कारण गेलं वर्षभर त्या एकाच बॅगेत शेजारी शेजारी होत्या. आणि आता त्यांना बॅगेत ठेवूच नका. रबरी कडा असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता 40 ते 50 टक्के. काटा 60 च्या वर जाऊ लागला की दाणे तापवायची वेळ झाली.

सॅक घ्यायची घाई नाही. डबा मात्र या रविवारी आणा.